छपराचा अहवाल

"अहो, थांबा! बूट—!"

मी ओरडले, पण उशीर झाला होता. बर्फावर पाऊल टाकताच तो उंच माणूस धपकन बसलाच.

पर्थमधल्या आमच्या जुन्या कर्लिंग रिंकवर बर्फ राखायचं काम माझं. पाठीवर टाकी अडकवून मी बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडत होते. ते गोठून दाणे होतात आणि खेळातले ग्रॅनाइटचे दगड त्यांवरूनच सरकतात. त्या दाण्यांवर हा बसलेला… केसांतून पावसाचं पाणी गळतंय, आणि चेहऱ्यावर हसू!

"लागलं का?"

"हाडं शाबूत आहेत. अब्रू गेली. मी इनिस गेडिस."

"मी मॉर्व्हेन. आणि हा बर्फ माझा आहे."

इनिस नगरपालिकेने छप्पर तपासायला पाठवलेला इंजिनिअर होता. त्याने धोक्याचं म्हटलं, की रिंकला कुलूप. माझी नोकरी जाणार, आणि आमच्या संघाच्या म्हाताऱ्या कॅप्टन पेट्रीबाईंचा जीवच जाणार.

तो रोज यायचा. शिडीवर चढून तुळया ठोकून बघायचा, खाली उतरला की माझ्याकडे चहा घ्यायचा. एक दिवस खेळाडू कमी पडला, तेव्हा पेट्रीबाईंनी त्याच्या हातात ब्रश कोंबला. "पोरा, दगडाच्या पुढे पळ आणि बर्फ घास, म्हणजे तो लांब जातो!"

मी दगड सोडला. "जोरात घासा! अजून जोरात!"

"घरीही… असंच ओरडता?" तो धापा टाकत म्हणाला.

"घरी ऐकायला कोणी नाही."

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि घासायचंच विसरला. दगड अर्ध्या वाटेत थांबला. पेट्रीबाईंनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्याने चहा सोडला. नजर चुकवून यायचा, नजर चुकवून जायचा.

"लक्षण ठीक नाही," पेट्रीबाई म्हणाल्या. "वाईट बातमी द्यायची असली, की माझे डॉक्टरही असेच करतात."

दोन आठवडे मी नीट जेवले नाही. छपरासाठी, की त्याच्यासाठी… कोण जाणे.

शुक्रवारी दुपारी तो भिजतच आला. खेळ थांबला.

"अहवाल दिला," तो म्हणाला. "दोन तुळया बदलायच्या, त्याही उन्हाळ्याच्या सुट्टीत. बाकी छप्पर ठणठणीत आहे."

पेट्रीबाई बाकावर बसल्या आणि चष्मा काढून पुसत राहिल्या. मला एकदम इतकं हलकं वाटलं, की रागच आला.

"मग तोंड का चुकवत होतात?"

"तुमच्याकडे चहा पीत राहिलो असतो, तर लोक म्हणाले असते, चहावर छप्पर पास झालं! आणि नापास झालं असतं, तर…" तो अडखळला. "तर तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहिलो असतो?"

"आणि आता?"

"आता कागद माझ्या हातून गेला. आता बोलू शकतो. मॉर्व्हेन… मला तू आवडतेस. फार."

'तू' ऐकून माझे कान तापले.

"मलाही…" एवढंच जमलं. पण पुढचं त्याला कळलं असावं. कारण त्याने माझे गारठलेले हात हातांत घेतले, आणि पेट्रीबाईंनी सगळ्या संघाला पाठ फिरवून उभं केलं.