डाव्या बास्केटखालचं पाणी

"किप्रस! पुन्हा पाणी सांडलंस?" धपकन पडलेली ऊला ओरडली. डाव्या बास्केटखाली तिचा पाय सर्रकन घसरला होता.

"मी? माझी बाटली घरीच राहिलीय!"

"मग हे काय आभाळातून पडलं?"

बाहेर तर लख्ख ऊन होतं!

त्यांना बास्केटबॉल शिकवणारे रिमांतस काका लंगडत धावत आले. एके काळी कौनास शहरातल्या मैदानावर त्यांच्या हातून सुटलेला चेंडू सहसा चुकायचा नाही. पण ऐन उमेदीत, गावच्या याच हॉलमध्ये, सामन्याआधीच्या सरावात, याच बास्केटखाली ते पडले. गुडघा गेला, खेळ संपला. "फरशी ओली होती," असं ते सांगत राहिले; पण पंचांनी पाहिली तेव्हा ती कोरडी होती. "डोक्यात हवा गेली आणि पडला, आता सबबी सांगतोय," असं गाव म्हणालं.

काकांनी ओल्या फरशीवर तळवा टेकवला. "लागलं नाही ना गं?" त्यांनी घाबरून विचारलं.

ऊलाने तडक हॉलचे व्यवस्थापक स्तुल्गिस यांना गाठलं.

"तुम्हीच सांडता आणि तुम्हीच बोंबलता!" ते खेकसले. "उद्या स्पर्धा आहे. पळा!"

मग दोघं बास्केटखाली उताणी पडून छताकडे बघत राहिली.

"मला झोप येतेय," किप्रस जांभई देत म्हणाला.

"डोळे उघडे ठेव, आळशा!"

टप! थेंब थेट त्याच्या नाकावर! त्याच वेळी वरून पाण्याचा आवाज आला. पाहुण्या संघांसाठी वरचं न्हाणीघर कितीतरी वर्षांनी उघडलं होतं. किप्रस धावत वर गेला. नळ बंद केले, की थोड्या वेळाने थेंब थांबायचे. सोडले, की पुन्हा टपटप!

"नळ मी स्वतः तपासलेत!" स्तुल्गिस यांनी वरही न बघता दोघांना हाकललं.

ऊलाच्या घरी बीटचं गार गुलाबी सूप आणि गरम बटाटे चापताना बेत ठरला.

दुसऱ्या दिवशी, स्पर्धेच्या उद्घाटनाआधी, ऊलाने भाषणाचा माइक हळूच डाव्या बास्केटखाली नेला. "इथे फोटो झकास येतील, साहेब!"

स्तुल्गिस खुलले. वर किप्रसने सगळे नळ सोडले.

"या हॉलमध्ये खेळाडूंची सुरक्षितता..." टप! थेंब टकलावर! "आमचं छत अगदी..." टप! टप! टप!

हॉल खो खो हसू लागला. ऊलाने माइक ओढला. "वरच्या न्हाणीघराचा पाइप गळतोय! रिमांतस काका पडले, तेव्हाही ते चालूच होतं ना?"

हसू थांबलं. स्तुल्गिस यांनी मान खाली घातली. "हो. पंच यायच्या आत मीच फरशी पुसली. सामना रद्द होईल म्हणून घाबरलो. रिमांतस, मला माफ कर."

नळ बंद झाले, फरशी कोरडी केली आणि मगच स्पर्धा सुरू झाली. "पोरांनो, आज तुम्ही कुणाचा तरी गुडघा वाचवलात!" उद्घाटनाला शहरातून आलेल्या महापौरबाईंनी दोघांची पाठ थोपटली.

काका मात्र एकटेच बाकावर बसले होते.

"काका, रडताय?" ऊलाने विचारलं.

"अगं, लोक सोड... इतक्या वर्षांत मलाही वाटायला लागलं होतं, की माझाच पाय चुकला." त्यांनी डोळे पुसले आणि तिला जवळ घेतलं. "जा आता. बिनधास्त उडी मार!"