पिराजीला कुणी सांगितलं?

गेल्या पौषातली अवस. रात्रीचे आठ. आमच्या उचगावचा सम्राट पेजेचा डबा गाडीला अडकवून कोल्हापूरच्या दवाखान्यात निघाला होता. बाप पिराजी गवळी तिथं तिसऱ्या मजल्यावर. वर्षभर त्याच्या काळजाचे ठोके वेडेवाकडे पडत होते, म्हणून आदल्या दिवशी डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून तार नेऊन काळजाला आतून बारीक डाग दिले. जनावराला देतात तसे. ठोके ताळ्यावर आले. सगळं झ्याक.

गोम पुढंच आहे, पोरांनो. त्या अवसेच्याच दुपारी पिराजीचा धाकटा भाऊ बाळासो, रोज सांजेला धार काढून दादाला पितळेची चरवी भरून दूध देणारा, दारात उभ्या उभ्या कोसळला आणि गेला. असल्या वेळी आपल्याकडं काय करतात? रोग्याला सांगत नाहीत. सम्राटनं अख्ख्या भावकीला दम भरला, "आप्पाच्या कानावर गेलं तर बघा. इचारलंच तर सांगायचं, तात्या नेसरीला म्हस बघायला गेलाय." मसणातनं आल्यावर आंघोळ केली, केस पुसले, आणि बापापुढं हसायचं कसं याची वाटभर तालीम करत पोरगं दवाखान्यात पोचलं.

वर गेला, तर पिराजीच्या खाटेभोवती डॉक्टर-सिस्टरांची ही गर्दी. नाकाला ऑक्सिजन. ओठ निळे.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "हार्ट अटॅक नाही. शिरा मोकळ्या आहेत. पण हृदय खालून फुगलंय, अरुंद गळ्याच्या गाडग्यासारखं. रक्त पुढं ढकलायला जोर नाही. या उपचारानंतर क्वचित होतं असं, नाहीतर मोठ्या धक्क्यानं. वाईट बातमी सांगितली का कुणी?"

"न्हाय बाई. कुणाला वर सोडलंयच कुठं?"

क्रांती सिस्टरनंही मान हलवली. संध्याकाळपासून आत कुणी आलं नव्हतं.

सम्राट खाटेशी वाकला.

"आप्पा..."

"तात्या कुठाय तुझा?"

"नेसरीला. म्हस..."

पिराजीनं त्याचं मनगट धरलं. हात गार.

"आत्ता आलता की रं."

"...कोण?"

"बाळासो. हितं बसला. म्हणला, दादा, मी दुपारीच गेलो. ही माणसं तुला सांगायची न्हाईत. म्हणून मीच आलो."

सम्राटनं पेजेचा डबा खाली ठेवला.

यंत्र वाजत होतं. टिक... टिक...

"थंडी वाजत हुती त्याला. मी म्हणलं, ये माझ्या पांघरुणात..."

"...मग?"

"नको म्हणला. तू ऱ्हा हितंच."

आणि पिराजी राहिला. महिनाभरात काळीज मूळ आकाराला आलं. आज गावात हिंडतोय. हवं तर जाऊन विचारा. पण दिवसा विचारा.

त्या रात्री मात्र सम्राट मटकन स्टुलावर बसणार, तेवढ्यात थांबला.

स्टुलावर चरवी होती. पितळेची. काठोकाठ दूध.

"हे कुणी..." क्रांती सिस्टर म्हणाली.

सम्राटनं बोट लावलं.

कोमट होतं.

वरचा फेस... अजून बसत होता.