आडामागचा वाफा

मी बाजारातून घरी आले, तर आमच्या परसात नांगर चालला होता.

डोक्यावरची पाटी खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. बैलजोडी शेजारच्या गोरक्षनाथाची, नांगरही त्याचाच. पण मागे गोरक्षनाथ नव्हता. पांढरंशुभ्र धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला, काळी टोपी घातलेला एक अनोळखी तरुण होता. तो नांगर धरत नव्हता, नांगरच त्याला ओढत नेत होता. मला बघून तो हसला... इतका खूश होऊन, जणू काही मोठंच पुण्य पदरात पडलं होतं!

“थांबवा!” मी ओरडले. “आधी ते बैल थांबवा!”

“हो, पण... कसे थांबवायचे?”

बैल आपणहून थांबले. समोर कुंपण आलं होतं, आणि परसाचं कामही उरकलं होतं.

“कोण तुम्ही?”

“मी यज्ञेश्वर. इथल्या शाळेत नवा मास्तर आलोय. गोरक्षनाथांच्या पडवीत उतरलोय.” कपाळावरचा घाम पुसताना त्याने मातीचा पट्टा कपाळभर ओढून घेतला. “काल कुंपणावरून दिसलं, तुम्ही आणि तुमच्या आई एवढी जमीन कुदळीनं खणत होतात. फार वाईट वाटलं. म्हटलं, आपण होऊन मदत करावी... न सांगता.”

“न सांगता,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. बाजारातून आलेली बावीस वर्षांची बाई मी, परक्या पुरुषासमोर पाटी डोक्यावर तशीच ठेवून रडत उभी! अजूनही आठवलं की माझा मलाच राग येतो.

तेवढ्यात गोरक्षनाथ धावत आला. “दमूताई, म्या म्हनलं मास्तर घरात इचारून आलं असत्याल. तवा दिलं बैल. काय झालं?”

काय झालं ते सांगायचं तर आईचा नेम सांगायला हवा.

वडील गेले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. माधवकाका आम्हाला नगरला घेऊन गेले. काका वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या घरी आम्ही चार वर्षं काढली आणि त्या चार वर्षांत आईनं एकही घास मान वर करून खाल्ला नाही. काकू रोज काहीतरी बोलायच्या. “दोन माणसं वाढली की आमटीत पाणी वाढवावं लागतं,” हे तर आम्हाला पाठच झालं होतं. शेवटी एक दिवस आईनं कोणालाही न दुखावता सांगितलं, की मी राजूरला माझ्या घरी जाते. घर म्हणजे दोन खोल्या, एक आड आणि मागचं परस. तेवढ्यावर आम्ही दोन वर्षं जगलो. भाजी आमची, वरी आमची, भोपळे आमचे. जास्तीचं शेजारी द्यायचं आणि त्यांच्याकडून ज्वारी घ्यायची. लढाईचे दिवस होते, दुकानात रॉकेल नाही, साखर नाही. आमचं फारसं अडलं नाही.

ऋषिपंचमीला बायका बैलांच्या कष्टाचं खात नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नांगरलेल्या जमिनीतलं चालत नाही, हातानं खणून पेरलेलंच चालतं. तो एका दिवसाचा नेम. आईनं त्या वर्षी तो चातुर्मासाचा केला. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने फक्त स्वतःच्या हातचं खायचं. मी विचारलं, कशाला गं एवढं? ती म्हणाली, “चार वर्षं दुसऱ्याच्या हाताकडे बघून जेवले. आता चार महिने माझ्या हातांकडे बघून जेवायचंय.”

काकांना हे कळलं तेव्हा त्यांचं पत्र आलं होतं. वहिनींची प्रकृती अशी नाजूक, हे उपासाचे खेळ झेपायचे नाहीत. गणपतीत मी येतो, त्या खंगलेल्या दिसल्या तर घराला कुलूप लावून दोघींना घेऊन जाईन. ते बोलायचे तसं करायचे.

आणि एकादशी बावीस दिवसांवर आलेली असताना सगळं परस बैलांनी नांगरलं होतं.

मी हे सगळं सांगून संपवलं तेव्हा मास्तरचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्यानं टोपी काढली. दारात आई येऊन उभी होती. तिनं काळ्या, उलथलेल्या मातीकडे बघितलं आणि पायरीवर बसली.

“आई, यांना ठाऊक नव्हतं,” मी म्हणाले. मी त्याची बाजू का घेतली, कोण जाणे.

“ठाऊक नव्हतं ते दिसतंच आहे,” आई म्हणाली. “पण बैलांनी कष्ट केलेत. त्यांच्या वाट्याचं मी खायची नाही. दमू, यात तुझ्यापुरतं पेर.”

मास्तरनं परसभर नजर फिरवली. मग म्हणाला, “आडामागे जागा आहे ना?”

“दगड आहेत तिथे.”

“दगड काढता येतात.”

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी आडामागून ठण् ठण् आवाज यायला लागला. मी गेले तर मास्तर कुदळ दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलून खाली सोडत होते. (“तो” म्हणणं मी त्या दिवसापासून बंद केलं.)

“अहो, पळी नाही ती! खांद्यावरून येऊ द्या. काम तिच्या वजनाला करू द्या.”

“तुम्ही शिकवाल?”

“मास्तर तुम्ही.”

“म्हणूनच विचारतो. वर्गात मला असं रागावणारं कोणी नाही.”

मी हसू दाबलं. पण दाबलेलं त्यांना दिसलं असावं, कारण पुढचे दहा घाव त्यांनी उगाचच फार जोरात घातले.

रोज पहाटे शाळेच्या आधी ते यायचे. खणायचे ते, दगड उचलायची मी. आई म्हणाली होती, माझ्या घासासाठी परक्यानं राबायचं असेल तर शेजारी मलाही खुरपं घेऊन बसू द्या. तीही बसायची. चौथ्या दिवशी मास्तरांच्या तळव्यांवर फोड फुटले. आईनं हळद आणि तेल दिलं, आणि ते लावायला मला बसवून ती आत गेली. बोटांखाली तो तळवा... मऊ, शाईचे डाग पडलेला. मी मान वर केली नाही.

“दुखतंय?”

“नाही... हो. पण लावा.”

थोड्या वेळानं ते आपणहूनच बोलले. आई-वडील लहानपणीच गेले. नगरला वार लावून शिकलो. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. सात वार, सात घरं. “कुठल्याच घरी दुसऱ्यांदा भात मागितला नाही,” ते म्हणाले. “तुम्ही आईंचं ते बोलणं सांगितलंत, हाताकडे बघून जेवले, तेव्हा वाटलं... मी नांगर कुठे घातला!”

तेव्हा मला कळलं, की मी या माणसावर प्रेम करते. एवढं सरळ कळलं. हातात तेल होतं, नाहीतर त्यांचा हात घट्ट धरला असता.

एकादशीच्या आधी आडामागचा वाफा तयार झाला. दगड निघाले तसा कडेला त्यांचा बांध झाला. त्यात वरी टाकली, माठ टाकला, अळूचे कंद लावले, भेंडी, दोडका, पडवळ. आडाचं पाणी पोहऱ्यानं शेंदून घातलं. गेल्या वर्षीची वरी आणि सुरण साठवणीत होते, त्यावर आईचा आषाढ निघाला. श्रावणात माठ वर आला आणि आईच्या ताटात हिरवं पडलं. राजूरचा पाऊस म्हणजे आठ-आठ दिवस ऊन नाही. मास्तर गोरक्षनाथाचं इरलं पाठीवर घेऊन यायचे आणि गवत उपटायचे. पानांच्या त्या छपराखालून फक्त त्यांचे पाय दिसायचे, आणि मला तेही पुरत असे.

एके दुपारी पावसानं उघडीप दिली, तेव्हा मी पडवळाच्या टोकाला दोऱ्यानं दगड बांधत होते.

“हे कशाला?”

“नाहीतर वेटोळं होतं. वजन असलं की सरळ वाढतं.”

“माणसांनाही बांधतात का असं काही?”

“बांधतात की. त्याला लग्न म्हणतात.”

बोलून गेले आणि कानशिलं तापली. ते हसले नाहीत. ओल्या वेलीआडून बघत राहिले.

“दमयंतीबाई... मला चालेल,” ते हळूच म्हणाले.

मी दोरा तिथेच टाकून घरात पळाले.

गणपतीला काका आले. आईला बघून ते दारातच थबकले. ती बारीक झाली होती, हे खरं. पण ती ताठ चालत होती आणि तिनं काकांना स्वतः पाणी शेंदून दिलं. काकांनी आडामागे चक्कर मारली. वरीची कणसं हातात घेऊन बघितली. कुलपाचा विषय त्यांनी काढला नाही. मला वाटलं, जिंकलो आपण.

ऋषिपंचमीच्या सकाळी गल्लीतल्या बायका भाजी न्यायला आल्या. राहीबाई, म्हणजे गोरक्षनाथाची बायको, सूप भरून अळू घेऊन गेली. “आवंदा लई ब्येस आलंय, वैनी,” ती म्हणाली, “बिनबैलाचं म्हनून कोनाला खरं वाटायचं न्हाई.” आई लाजली. मी आईला लाजताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

बायका गेल्यावर काकांनी मास्तरांना बोलावून घेतलं आणि आम्हाला समोर बसवलं. फार खुशीत होते ते.

“काल यांनी माझ्याकडे दमूला मागणी घातली. मुलगा निर्व्यसनी आहे. आणि श्रीगोंद्याच्या शाळेत यांना हेडमास्तर म्हणून बोलावलंय, परवाच पत्र आलं. दिवाळीनंतर लग्न उरकू, दमू श्रीगोंद्याला जाईल. वहिनी, तुम्ही निर्धास्तपणे आमच्याकडे चला. लेकीच्या घरी आईनं राहायचं नसतं, आणि एकटीनं इथे कशा राहाल? सगळं कसं छान जुळलं!”

आईनं फक्त मान खाली घातली. नगरच्या स्वयंपाकघरात ती घालायची तशीच.

मला ते सहन झालं नाही.

“काका, मी लग्न करणार नाही.”

“अगं! मुलगा पसंत नाही?”

“पसंत आहे.” सगळ्यांसमोर बोलले, मास्तरांकडे बघून बोलले. “मला हे आवडतात. फार आवडतात. दुसऱ्या कोणाशी मी कधीच लग्न करणार नाही. पण माझ्या लग्नानं आईला पुन्हा दुसऱ्याच्या चुलीपाशी जावं लागणार असेल, तर मला नको ते लग्न. मास्तर, तुम्ही श्रीगोंद्याला जा. मी इथे... बरी राहीन.”

शेवटचं खोटं होतं, आणि ते सगळ्यांना कळलं.

“दमू, वेडेपणा करू नकोस,” आई म्हणाली. “मी जाईन नगरला. मला सवय आहे.”

“तीच मोडायला तू चार महिने काढतेयस ना?”

मग यज्ञेश्वर आपल्या जागेवरून उठले आणि आईसमोर येऊन बसले. त्यांचे तळवे गुडघ्यांवर होते. आता त्यांना घट्टे पडले होते.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “पुन्हा तीच. परसात नांगर घातला तेव्हाही न विचारता भलं करायला गेलो होतो. कालही काकांना विचारलं, तुम्हाला विचारलंच नाही. आई, आता विचारतो. श्रीगोंद्याला मी नकार कळवतो. इथली शाळा आहे. मला या घरात राहू द्याल?”

“म्हणजे घरजावई?” काका ताडकन म्हणाले. “अहो, हेडमास्तरकी सोडून? जन्मभर लोक तोंडावर बोलतील तुम्हाला!”

“बोलतील.”

“आणि पोटाचं?”

“पगार आहे. वाफाही आहे. शिवाय खणायला येतं मला, यांनी शिकवलंय.”

काकांनी आईकडे बघितलं. मीही बघितलं. पळभर मला भीती वाटली, कारण आईला कोणाची दया नको असायची. कितीही गोड शब्दांत दिली तरी नको असायची. तिनं मास्तरांचे हात निरखले, चेहरा निरखला. मग ती पदर खोचून उठली आणि चुलीवरचं ऋषीच्या भाजीचं पातेलं उतरवलं. अळूचा, माठाचा, दोडक्याचा वास घरभर पसरला.

“आज पंगतीत मागंपुढं नको, सगळे एकदमच बसू,” ती पाठमोरीच म्हणाली. “यज्ञेश्वर, पाट मांडा.”

काका चमकले. पाहुण्याला कोणी पाट मांडायला सांगत नाही. त्यांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा मास्तरांकडे, आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. सदऱ्याच्या बाह्या सारून ते हात धुवायला गेले.

यज्ञेश्वरांनी पाट मांडले. काकांचा, आईचा, माझा. तीन मांडून ते भिंतीशी जाऊन उभे राहिले, बोलावण्याची वाट बघत.

चौथा पाट मी उचलला आणि माझ्या पाटाशेजारी मांडला.