हळदीच्या गोदामातला फोटो

दर रविवारी दुपारी सांगलीतल्या एका बंद पडलेल्या हळदीच्या गोदामात रेगेटॉनची पार्टी भरायची. सातासमुद्रापलीकडच्या बेटांवरून आलेलं ते नाचगाणं स्पीकरवर घुमू लागलं, की तुळयांवर साचलेली जुनी हळद खाली झरायची आणि सगळी पोरं लग्नघरातल्यासारखी पिवळी व्हायची. फोटोत मात्र एकही चेहरा पिवळा नसे. प्रत्येकाच्या मनगटावर रूपकडं होतं. समोरच्या कॅमेऱ्याला ते परस्पर कळवायचं, की माझा चेहरा असा उमटव. कुणाला धारदार नाक, कुणाला घारे डोळे. मागाल ते मिळत होतं, मग पोरं कशाला मागे राहतायत!

एकवीस वर्षांच्या मेघांगीनंही देखणा चेहरा निवडला होता. गेल्या वर्षापर्यंत घरचे तिला मयूर म्हणायचे. मुलगी म्हणून जगायचं ठरवल्यावर ती मिरजेचं घर सोडून इथे आली आणि आईला फोटो पाठवू लागली. आईचं उत्तर ठरलेलं: ही परकी पोर कोण? तुझा फोटो पाठव. पण कडं काढलं आणि फोटोत मयूरच उमटला तर? नुसत्या विचारानं मेघांगीची पाचावर धारण बसायची.

पार्टीचे फोटो काढणाऱ्या वैजूअक्कांना तिनं हे सांगितलं. पन्नाशीच्या अक्कांनी उगाच धीर दिला नाही. घमेल्याच्या गाण्यात तुझा फोटो काढू का, एवढंच विचारलं. त्या गाण्याला सगळे आपापली कडी घमेल्यात टाकत, हाताला येईल ते दुसऱ्याचं कडं उचलत आणि ते मिळेपर्यंत कोपराआड तोंड लपवत. तसा रिवाजच होता. मेघांगीनं भीत भीत मान डोलावली.

गाणं सुरू झालं. कडं घमेल्यात पडलं, पण ठेका अंगात असा भिनला, की मेघांगी तोंड लपवायचंच विसरली. केस सुटले, कंबर डोलली, ती खदखदून हसली. अक्कांनी नेमकं तेवढं टिपलं.

फोटो बघायचा तिला धीर होईना. शेवटी एक डोळा मिटून तिनं पाहिलं. घामेजलेली, हळदीनं माखलेली, रुंद जबड्याची एक मुलगी हसत होती. ती तीच होती. मेघांगीला इतका आनंद झाला, की तिनं अक्कांना मिठी मारून त्यांनाही पिवळं केलं.

फोटो आईला गेला. मग आईचा फोनच आला.

"हसताना थेट मावशीवर गेलीस बघ," आई म्हणाली. पाठोपाठ तिनं विचारलं, "घरी कधी येतीस?"