काळ्या पडलेल्या शिरा

बिट्टन मार्केटमधल्या त्या छोट्या कचेरीत नलिनी धावतच शिरली.

"संध्याकाळी पोलीस मला नेणार आहेत, मनोरमाबाई. मी ऑक्सिजनचा नळ उघडलाच नाही म्हणतात. पण मी उघडला होता हो!"

खासगी तपास करणाऱ्या मनोरमा खेडकरांनी तिला पाणी दिलं. त्यांचे मदतनीस सुभाष वही घेऊन बसले.

नलिनी आनंद नगरच्या एका दवाखान्यात नर्स होती. काल तिथे कारखान्याच्या टाउनशिपमधले निवृत्त इंजिनियर नरहर वैद्य यांच्या मेंदूचा एमआरआय झाला. फुप्फुसं कमजोर, म्हणून गुंगीच्या औषधाबरोबर ऑक्सिजन लावला होता. शेवटी पाहिलं तर ते निळे पडलेले आणि भिंतीवरचा नळ बंद. अजून ते बेशुद्धच होते.

"तू आतच होतीस?"

"नाही. जावई उदयराव म्हणाले, बाबांना थंडी वाजतेय, ब्लँकेट आणा. अकरा दहाला वॉर्डात सही केली. ब्लँकेट मिळून परतायला अकरा पस्तीस झाले."

"नरहरराव काही बोलले होते?"

"गुंगी येण्याआधी म्हणाले, उद्या पोलीस ठाण्यात जायचंय, अवधपुरीत गाडी माणसाला उडवून पळाली, त्या अपघाताचं सांगायला. उदयराव शेजारीच होते."

तासाभरात तिघं दवाखान्यात पोचले. मशीन चालवणारा गजानन घाबरून बोलत होता. "मी काचेपलीकडे होतो. तिथून नळ दिसत नाही. अकरा बाराला पहिली चित्रं घेतली. मग पेशंट हलला. उदयरावांनी डोकं सरळ केलं. अकरा पंचवीसला तोच भाग मी परत घेतला."

मनोरमाबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी लावायला सांगितली. पहिल्यात शिरा फिक्या राखाडी, दुसऱ्यात शाईसारख्या काळ्या.

"असं का?"

"रक्तातला ऑक्सिजन गेला की रक्त बारीक चुंबकासारखं वागतं, मॅडम. तिथला सिग्नल लवकर विझतो. शीर काळी दिसते."

उदय आला तो चिडलेलाच. "गाडी गॅरेजात, रिक्षाने यावं लागलं. अजून काय विचारायचंय? नळ पहिल्यापासून बंद होता. मी बाबांजवळून हललो नाही."

"हा गजानन आत आला होता?"

"कुणीच आलं नाही."

नलिनी मनोरमाबाईंच्या मागे सरकली. दारात इन्स्पेक्टर उभे होते.

"गजाननच असणार," सुभाष पुटपुटले.

"नाही, सुभाषराव." मनोरमाबाई वळल्या. "नळ पहिल्यापासून बंद असता तर पहिल्याच चित्रात शिरा काळ्या आल्या असत्या. अकरा बाराला रक्तात ऑक्सिजन होता, म्हणजे नलिनीने नळ उघडला होता. तो नंतर बंद झाला. तेव्हा ती वॉर्डात होती, तिची सही आहे. गजानन आत आलाच नाही, हे उदयराव स्वतःच म्हणाले. मग आत उरलं कोण? ब्लँकेटसाठी हिला पाठवलं कोणी? इन्स्पेक्टर, ती गॅरेजातली गाडी तपासा. उदयरावांनी अवधपुरीत माणूस उडवला तेव्हा सासरे तिच्यात बसले असणार, आणि ते आज ठाण्यात सांगणार होते."

उदय नलिनीकडे झेपावला. "बाबा ठाण्यात जाणार ते तूच सांगितलंस!" ती भिंतीला चिकटली. इन्स्पेक्टरांनी त्याचा हात धरला.

इन्स्पेक्टर उदयला घेऊन गेल्यावर सुभाष म्हणाले, "घरी जा, पोरी."

पण ती आयसीयूत जाऊन नरहररावांजवळ बसली. दिवेलागणीला त्यांनी डोळे उघडले, आणि पहिल्यांदा दाराकडे पाहिलं.

"उदय... आहे इथे?"

"नाही बाबा. नेलं त्यांना."

नरहररावांनी तिचं बोट घट्ट धरलं.

"प्रतिभाला तिच्या नवऱ्याचं तुम्ही सांगू नका. माझी लेक आहे. मीच सांगेन."