रुजवातीचा जोडीदार

धारूरच्या त्या कचेरीत अभिलेख कक्ष कुठं आहे, हे कुणाला विचारावं लागत नसे. व्हरांडा संपतो, ट्यूबलाइट संपते आणि वाळवीच्या औषधाचा वास सुरू होतो, तिथं रामहरी बसलेले असत. मागं बंद पडलेल्या शाळांची दप्तरं, लाल कापडात बांधून छतापर्यंत रचलेली. एकतीस वर्षांत त्यांनी मुळात नसलेलं एक अक्षर नकलेत घातलं नव्हतं. याबद्दल कुणी त्यांचा सत्कार केला नाही. उलट लोक त्यांना टाळत.

जुन्या नोंदीची नक्कल द्यायची तर रुजवात लागते. एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत 'हां' म्हणायचं, खाली दोघांच्या सह्या. तेवीस वर्षं ते 'हां' शहादेवचं होतं. सहा वर्षांपूर्वी शहादेव वारले. त्यांची जागा भरायचा प्रस्ताव बीडला गेला आणि तिथंच रमला. तेव्हापासून रामहरी एकटेच वाचत, एकटेच 'हां' म्हणत. वाचणारे रामहरी निळ्या शाईत सही करत, तपासणारे रामहरी काळ्या.

त्या गुरुवारी दुपारी तीनला भामाबाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत मोबाइल, मोबाइलवर दर दहा मिनिटांनी नात.

"चैतालीचा नर्सिंगला नंबर लागलाय, साहेब. बीडात कॉम्प्युटरवाल्याकडं बसलीय. पाचच्या आत जातीचा पुरावा चढला न्हाई, तर जागा जातीय. पन्नास सालाच्या आधीचा कागद पायजे म्हनतेत. तिचे आजोबा दुसरीपस्तोर शिकलेते. बन्सी नाव."

"सापडंल," रामहरी म्हणाले.

"ज्या शब्दापायी त्यास्नी वर्गाच्या भाईर पोत्यावर बसवलं, त्योच शब्द आता शिक्क्यानिशी आना म्हनतेत." भामाबाई हसल्या. "आना म्हनलं तर आनावा लागंल."

दप्तर दहा मिनिटांत सापडलं. एकोणीसशे एकोणपन्नास, अनुक्रमांक एकेचाळीस. 'बन्सी' ठसठशीत होतं. त्यापुढं तळहाताएवढं भोक. बापाचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, सगळं वाळवीनं नेलेलं; शेवटी शाळा सोडून गेल्याची तारीख तेवढी उरलेली. गेल्या वर्षी सगळं दप्तर स्कॅन झालं होतं. स्कॅनिंगवाल्यांनी भोकही उत्तम रंगात टिपलं होतं.

नियम असा, की अशा जागी 'वाळवीने खाल्ले' एवढंच लिहायचं. रामहरींनी तो सांगितला.

"वाळवीला तेवढंच भेटलं का खायाला?" भामाबाई म्हणाल्या. भांडल्या नाहीत. बाहेर बाकावर जाऊन बसल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रामहरींनी नक्कल लिहिली, भोकाची जागा कोरी ठेवली आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला घेतली.

"अनुक्रमांक एकेचाळीस."

"हां."

आपणच म्हणालो, असं त्यांना वाटलं.

"नाव, बन्सी." या वेळी त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"हां." तिसऱ्या रॅकमागून. मग कोरडा, तंबाखूचा खोकला.

रामहरी उठून पाहून आले. गठ्ठे, भिंत, भिंतीवर पाल. दार एकच, आणि दारासमोर बाकावर भामाबाई. प्रतिध्वनी असेल, त्यांनी ठरवलं. पण 'बन्सी' म्हटल्यावर प्रतिध्वनी 'बन्सी' म्हणतो. 'हां' म्हणत नाही.

ते पुन्हा बसले. भोकापाशी आले आणि थांबले.

"थांबलास कामून रे?" आवाज म्हणाला. "बापाचं नाव, नवनाथ."

मग जात. मग गाव. मग जन्मतारीख, महिन्यासकट. शहादेव बोलायचे तसंच, रकान्यागणिक दम घेत.

रामहरींचा पेन हलला नाही. समोर घड्याळात साडेतीन. बाहेर मोबाइल वाजला. "थांब गं बाई," भामाबाई हळूच म्हणाल्या, "साहेब बगतेत."

त्यांनी ड्रॉवरमधून भिंग काढलं. भोकाच्या काठावर अक्षरांचे अवशेष उरले होते. कुठं वेलांटीचा माथा, कुठं नुसतं कान्याचं टोक. ऐकलेला एकेक शब्द त्यांनी त्या अवशेषांवर लावून पाहिला. सात जागा होत्या. सातही जुळल्या.

मुळात होतं तेच होतं.

त्यांनी लिहिलं.

सव्वाचारला नकलेचा फोटो बीडला गेला. चार चाळीसला चैतालीचा फोन आला. भामाबाईंनी फोन कानाला तसाच धरून डोळे पुसले.

"तुमचे लई उपकार, साहेब. त्या आतल्या साहेबास्नीबी सांगा. किती सावकाश सांगत व्हते बिचारे. खोकल्याचं औषध घ्या म्हनावं."

"सांगतो," रामहरी म्हणाले.

घरी जायला हरकत नव्हती. पण दप्तर उघडं टाकून जाणारे ते नव्हेत. ते आत आले, रजिस्टर मिटलं, लाल कापडाची गाठ मारली.

"झालं?" रॅकमागून विचारलं.

"झालं."

"मग आता माझी पाळी. तू सांग, मी लिहितो."

पान उलटल्याचा आवाज आला.

"नाव?"

तेवीस वर्षांची सवय. तोंड आपोआप उघडलं. "रामहरी."

"बापाचं?"

"उत्तरेश्वर."

"गाव?"

"घाटनांदूर."

"जन्मतारीख?"

सांगितली. निब कागदावर करकरलं.

"सोडून गेल्याची तारीख?"

रामहरींनी लाल गाठ पुन्हा आवळली. निब थांबलं.

"राहू दे," शहादेव मायेनं म्हणाले. "ती हाय माझ्यापाशी."