नवव्या झाडाची मोजणी

या, असे जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. पटली तर ठेवा, नाही पटली तर देवावर सोडा. तो समर्थ आहे.

कीडनाशकांच्या प्रयोगशेतावर एक बाई आकड्यांचं काम करायची. सगळे तिला आकडेबाई म्हणत. बारा सोमवार त्याच त्या झाडांवरचे फुलकिडे मोजायचे. झाडाखाली पांढरा कागद धरायचा, फांदीला टिचकी मारायची, पडतील ते मोजायचे. ती म्हणायची, एकाच झाडाचे आकडे एकमेकांना परके नसतात. आजच्या आकड्याला मागच्याची आठवण असते.

शेतात ही मोजणी करून वहीत लिहिणारे मोजणीकाका निवृत्तीला टेकले होते. तीनच आठवडे उरलेले. अशात साहेब वही आपटत आले.

"नववं झाड तिसऱ्याच आठवड्यात ट्रॅक्टरखाली गेलं. आणि काकांचे आकडे सातव्यापर्यंत! घरी बसून पिकवलेत. जाताना बट्टा लावूनच धाडतो त्यांना."

आकडेबाईनं वही उघडली. खोटे आकडे तिला वासावरून कळत. हे तसे नव्हते; हे जिवंत झाडासारखे चढत उतरत होते. तिनं मागच्या आकड्यांवरून आठव्या सोमवारचा अंदाज काढला. अकरा. कुणाला सांगितला नाही. सोमवार उजाडताच तिनं काकांना गाठलं.

"काका, नववं झाड कुठंय?"

"होतं तिथंच. चला की."

खुंटी होती. खुंटीवर नऊचा आकडा होता. पुढे नुसती माती.

"अहो, इथं काहीच नाही!"

"मोजण्याआधीच नाही? बरं शिकवलंय तुम्हाला!" काका हसले. "धरा पलीकडची कड. वाऱ्यात एकट्याला कागद ऐकत नाही."

त्यांनी हवेत टिचकी मारली.

कागदावर बारीक ठिपके पडले. चालू लागले.

अकरा.

आकडेबाईनं काकांच्या सहीशेजारी आपली सही केली. साहेब धुमसले, पण दोन सह्यांपुढे त्यांचं काही चाललं नाही. काका ताठ मानेनं निवृत्त झाले आणि चौथ्याच दिवशी देवाघरी गेले.

बाराव्या सोमवारी ती एकटीच आली. वारा सुटला होता. डाव्या हातानं कागदाची कड धरली, उजव्यानं हवेत टिचकी मारली.

सहा.

लिहिताना तिच्या लक्षात आलं, कागद हलला नव्हता.

पलीकडची कड अजून ताठ होती.

'मोजणारे' या रकान्यात तिनं दोघांची नावं लिहिली.

तर मायबापहो, एखाद्या जागी काहीच नाही म्हणण्याआधी आमच्या मोजणीकाकांची आठवण काढा.